एक जूनची माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बोरवाडीतले सर्वांत वडीलधारे माननीय काकासाहेब पाटील, भोकरदनहून एवढ्या उन्हात मोटारसायकलीवर आलेले प्रमुख पाहुणे, केंद्रप्रमुख माननीय अण्णासाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती आदरणीय तातेराव गुरुजी, खुर्चीवर बसायला शेवटपर्यंत तयार नव्हत्या आणि अजूनही खुर्चीच्या कडेलाच टेकलेल्या गुरुजींच्या पत्नी, आमच्या सोनूकाकू, पिंपळगाव रेणुकाईहून आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून आलेले ग्रामस्थ, माझे सहकारी शिक्षक, माझ्या बायाबापड्या मैत्रिणी, आणि मांडवाच्या दोऱ्यांना लोंबकळणारे माझे विद्यार्थी! बाळांनो, आधी त्या दोऱ्या सोडा. मांडव पाहुण्यांच्या अंगावर आला तर सत्कार कोणाचा आणि कसला, हे सांगणं अवघड होईल. तर, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी नंदा. मला इथे सगळे नंदाबाई म्हणतात, किंवा नुसतंच बाई. माझं माहेर बदनापूरचं. चौऱ्याऐंशी साली नेमणुकीचा कागद घेऊन पिंपळगावला एसटीतून उतरले आणि तिथून पायी या वाडीत आले, तेव्हापासून गुरुजींच्या हाताखाली आहे. म्हणून आयोजकांनी मला बोलायला सांगितलं. थोडक्यात बोला, असंही सांगितलं आहे. तेवढं मात्र जमेल असं वाटत नाही.

पाहुण्यांना एक प्रश्न पडला असेल. आज एकतीस मे. शाळेला सुट्टी. उन्हानं जीव नकोसा झालेला. मग निरोप समारंभ आजच कशाला? अण्णासाहेब हसत आहेत, कारण त्यांना उत्तर ठाऊक आहे. गुरुजींची जन्मतारीख एक जून. शासनाचा नियम असा, की एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आज.

आता मी इथे बसलेल्या मंडळींना विचारते. ज्यांची जन्मतारीख एक जून आहे, त्यांनी हात वर करावेत.

पाहिलंत अण्णासाहेब? आणि आपला स्वतःचाही हात वर आहे! अध्यक्षांचाही आहे. माईकवाला रामकिसन, त्याचाही. हे काय गौडबंगाल आहे? एका गावात एवढी बाळंतपणं एकाच दिवशी कशी झाली? सुईणीचं काय झालं असेल?

आपल्याला सगळ्यांना माहीत आहे ते कसं होतं. जूनमध्ये शाळा उघडते. बाप पोराला दंडाला धरून आणतो. गुरुजी विचारतात, जन्म कधीचा? बाप डोकं खाजवतो. "पोळ्याच्या आदी झाला बघा. त्या साली आमची ढवळी गाय पूर्णेत व्हावून गेल्ती." ढवळी गाय कोणत्या साली वाहून गेली हे कोणी सांगावं? मग मास्तर पोराचे दात बघतात, डाव्या कानाला उजवा हात डोक्यावरून पुरतो का ते बघतात, आणि एक जून लिहून मोकळे होतात. त्यानं वयही भरतं आणि कामही भागतं. गुरुजींना त्यांच्या मास्तरांनी दिला, गुरुजींनी आपल्या पोरांना दिला. असा हा एक जून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

पण ही तारीख घेऊन कोणी काही करायचं असतं, हे मात्र कोणाच्या मनात आलं नव्हतं. ते आलं सत्त्याऐंशी साली, आणि त्याला कारण झाला आपला कचरू.

कचरू तेव्हा फौजेत नवाच होता, दोन-तीन वर्षांचा. आज तो सुभेदार आहे आणि इथे मांडवात मागे मिशीला पीळ देत उभा आहे. तो त्या साली सुट्टीवर आला होता. गुरुजींची सवय अशी, की सुट्टी असली तरी जून लागला की ते शाळा उघडायचे, पत्रे कुठे गळतील ते बघायचे. मी मदतीला होते. कचरू गणवेश घालून आला, खाडकन सलाम ठोकला आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला.

गुरुजी म्हणाले, "काय रे, लग्न जमलं का?"

"न्हाई गुरुजी. आज वाढदिवस हाये माझा. तिकडं पलटणीत दर एक जूनला माझ्या नावानं लंगरात हलवा करून राह्यले. सगळे येऊन हात मिळवतात. औंदा घरी आलो, म्हणलं आईला सांगावं. आई म्हणती, कसला वाढदिवस? तू तर थंडीतला हायेस, शेकोटीपाशी झाल्ता. मंग इचार केला, हा दिवस दिला कोणी? तुमी दिला. म्हणून पेढे तुमालाच पयले."

गुरुजी पत्रा ठोकत होते. हातोडी तशीच राहिली. मग म्हणाले, "कचरू, अरे माझाही आजच आहे की."

तेवढ्यात रामकिसन पाण्याची घागर घेऊन चालला होता, तो थांबला. म्हणाला, "माझाबी." रस्त्यानं दोघे-तिघे बैलगाडीतून चालले होते, तेही उतरले. पुडा एवढासा, आणि माणसं वाढत चालली. शेवटी सोनूकाकूंनी घरातून गूळ आणि शेंगदाणे आणले. त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर मोठी मोठी बाप्ये माणसं पोरांसारखी गूळ खात बसली, आणि एकमेकांना म्हणाली, "तुझाबी? बराबर माझ्यासारखाच!" मी त्यांचे चेहरे विसरलेले नाही. ज्यांना वाढदिवसाचं म्हणून कोणी जन्मात एकदाही ओवाळलं नव्हतं, त्यांना एकदम कळलं होतं की आपण जन्माला आलो ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

पुढच्या वर्षी लोक आपणहून आले. मग गुरुजींनी एक अट घातली. शेवटी मास्तरच ते! म्हणाले, "हा दिवस शाळेनं दिलाय. तेव्हा गूळ पाहिजे असेल तर प्रत्येकानं सांगायचं, या वर्षात आपण नवीन काय शिकलो."

आता शेतकरी माणूस काय सांगणार, असं कोणाला वाटेल. पण आमच्या रामकिसननं उभं राहून सांगितलं, "बायको बाळंतपणाला गेल्ती, म्या भाकर थापायला शिकलो. पयल्या आठ दिवसाच्या भाकरी बैलांनीबी खाल्ल्या न्हाईत." सगळा ओटा हसला, त्याला गूळ दुप्पट मिळाला. कोणी कपाशीवर फवारा कसा मारायचा ते शिकलं होतं, कोणी बिडी सोडायला. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "म्या कायबी शिकलो न्हाई." गुरुजी म्हणाले, "हे चारचौघांत कबूल करायला शिकलास ना? घे गूळ."

अशी आमची एक जूनची रीत पडली. पंचांगात नाही, सरकारी सुट्ट्यांत नाही. पेरणीची वाट पाहण्याच्या दिवसांत, माणसांना थोडी उसंत असते तेव्हा, एक सकाळ. गुळाची पुढे लापशी झाली. ही लापशी आजवर सोनूकाकूंनीच केली, आणि एकदाही करपली नाही, हेही या निमित्ताने सभेपुढे ठेवते.

आता मी जे सांगणार आहे, त्यासाठी मला अध्यक्षांची परवानगी घ्यावी लागेल. काकासाहेब, सांगू का? ... त्यांनी मान हलवली. "सांगा, सांगा," म्हणतात. मोठ्या मनाचं माणूस.

नव्वद सालच्या एक जूनला आम्ही असेच बसलो होतो. शाळेच्या कुंपणापाशी साखराबाई उभ्या होत्या. पाहुण्यांसाठी सांगते, त्या पाहा, पहिल्या रांगेत, हिरव्या लुगड्यातल्या. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. आता थोडी शेती आहे, पण मेंढरं सुटलेली नाहीत. त्या रोज शाळेवरून कळप न्यायच्या. त्या दिवशी मेंढरं पुढे गेली आणि त्या काठी टेकून तिथेच उभ्या राहिल्या.

गुरुजींनी हाक मारली, "साखराबाई, आत या. लापशी घ्या."

त्या म्हणाल्या, "कशाला येऊ? माझा थोडाच वाढदिवस हाये?"

"आमचाही कुठं खरा आहे?"

त्यावर साखराबाई जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगते. "गुरुजी, तुमाला खोटी का व्हईना, तारीख हाये. आमाला बायांना खोटीबी न्हाई."

ओट्यावर कोणीतरी हसलं. काकासाहेब तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "तारीख साळेत गेलेल्याला मिळती, बाई. मेंढरामागं फिरणाऱ्याला कशाला पायजे?" साखराबाईंनी काठी उचलली आणि त्या कळपामागे गेल्या.

गुरुजी त्या दिवशी लापशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "नंदाबाई, चला." आम्ही साखराबाईंच्या घरी गेलो. त्या लोकर पिंजत बसल्या होत्या. गुरुजींनी जमिनीवर बसून, शाळेत बापाला विचारतात तसंच विचारलं, "जन्म कधीचा?"

साखराबाईंनी हात थांबवला. म्हणाल्या, "म्या वाटंवर झाले. कळप चालला व्हता, माय थांबली, मला घेतलं आन परत चालाया लागली. बापाला मुक्कामावर गेल्यावर कळलं. मंग तो म्हणला, पोरगी का? चला. कोणता महिना, कोणतं साल, कोण इचारतं? मायला ठावं व्हतं. पर ती गेली, तिच्यासंगं तेबी गेलं."

गुरुजी म्हणाले, "शाळेत नाव घाला. मी तुम्हाला एक जून देतो."

"ह्या वयात?"

"कचरूला दिला तसाच तुम्हालाही देतो. पण फुकट नाही. यावं लागेल."

दिवेलागणीच्या वेळी शाळेच्या ओट्यावर आमचा बायांचा वर्ग सुरू झाला. साखराबाई आल्या, त्यांच्या जावेला घेऊन आल्या. मग शेतमजुरी करणाऱ्या साळूबाई आल्या, गिरिजाबाई आल्या. गावात चेष्टा झाली. "म्हाताऱ्या साळंला चालल्या, आता ह्यांला दप्तर घ्या." आमच्या बाया तशा खमक्या. गिरिजाबाई एकाला म्हणाल्या, "दप्तर घेतू, तू उचलशीन का?"

साखराबाईंना पहिलं अक्षर आलं ते 'सा'. आपल्या नावातलं. त्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवशी गेरू कालवला आणि सगळ्या मेंढरांच्या पाठीवर 'सा' काढला. कोणाच्या कळपात मिसळलं तरी मेंढरू ओळखू यावं म्हणून. एवढं करून गेरू उरला, तर शेजारच्या शेळीवरही काढला. माझ्या पहिलीच्या मुलांना 'सा' मी शिकवला नाही, त्या मेंढरांनी शिकवला.

वर्ष असं गेलं. एक्क्याण्णवचा जून जवळ आला, आणि गुरुजींनी सांगितलं, औंदा बायाही ओट्यावर बसतील. त्यांचंही नाव आता शाळेत आहे.

इथे खरं संकट उभं राहिलं. पारावर बैठक बसली. काकासाहेब बोलले, आणि त्या काळात काकासाहेब बोलले म्हणजे गाव बोललं. "बाया बरोबरीनं बसणार आसतील तर आमी बाप्ये येणार न्हाई. आन गुरुजी, एक ध्यानात ठेवा. बदली व्हायला टाइम लागत न्हाई."

गुरुजींचा मुलगा इंद्रभान त्या वर्षी दहावीला. मुलीचं लग्न ठरत होतं. पुन्हा बिऱ्हाड उचलून कुठे जायचं, हा प्रश्न साधा नव्हता. मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, बायांचं वेगळ्या दिवशी करू. दोन जूनला करू." ते म्हणाले, "नंदाबाई, वेगळा दिवस दिला तर तो एक जून राहत नाही." आणि पारावर जाऊन काकासाहेबांना हात जोडून सांगितलं, "बदली आली तर मी जाईन, तक्रार करणार नाही. पण एक जूनला मी इथं आहे. आपण यावं, ही विनंती."

तो दिवस उजाडला. बाप्यांत कचरू होता, सुट्टी वाढवून राहिलेला. रामकिसन होता. बाकी ओटा रिकामा. समोरच काकासाहेबांचा वाडा, आणि तिथल्या ओसरीवर ते चार माणसं घेऊन बसलेले. मध्ये फक्त रस्ता. तिकडून इकडचं सगळं दिसतं आणि ऐकूही येतं.

बाया दबून बसल्या होत्या. पहिल्यांदा साखराबाई उठल्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "म्या 'सा' शिकले. मागच्या सालाला माझी तीन मेंढरं लोकाच्या कळपात गेली, ती त्यांचीच झाली. औंदा एकबी गेलं न्हाई." खाली बसल्या. गुरुजींनी स्वतः उठून त्यांना ओवाळलं. सोनूकाकूंनी त्यांच्या तोंडात लापशीचा घास घातला. साखराबाई घास तोंडात घेऊनच रडायला लागल्या.

आणि तेवढ्यात समोरच्या वाड्याचं दार उघडलं.

गोजरकाकू बाहेर आल्या. काकासाहेबांच्या मंडळी. आज त्या आपल्या नवऱ्याच्या शेजारी व्यासपीठावर बसलेल्या आहेत. त्या वेळी पाटलांच्या घरातली बाई दिवसाढवळ्या एकटी रस्ता ओलांडत नसे. हातात निरांजनाचं ताट, डोक्यावर पदर. ओसरीवरून काकासाहेबांचा आवाज आला, "कुढं?" त्या थांबल्या नाहीत. रस्ता ओलांडला, ओट्याच्या पायऱ्या चढल्या, ताट खाली ठेवलं आणि गुरुजींना म्हणाल्या, "माझं नाव साळेत न्हाई. पर म्या शिकले. सांगू का?"

गुरुजी म्हणाले, "सांगा, गोजरबाई."

त्या वेळी मला कळलं, आणि सगळ्यांनाच कळलं. साखराबाई त्यांच्या मागच्या दारी दूध घालायला जायच्या. आदल्या संध्याकाळी आम्ही जे अक्षर शिकवू, ते साखराबाई दुसऱ्या सकाळी परातीतल्या ज्वारीच्या पिठात बोटानं काढून दाखवायच्या. गोजरकाकू त्यावर बोट फिरवायच्या, आणि मग त्याच पिठाची भाकरी थापायच्या. वर्षभर असं चाललं होतं. काकासाहेब, आपण त्या वर्षी अख्खी बाराखडी खाल्लीत!

हसू आवरा मंडळी, पुढचं ऐका. पुढचं हसण्यासारखं नाही.

गोजरकाकू म्हणाल्या, "माझं म्हायेर जाफराबादकडं. बाप आजारी हाये असा निरोप आल्ता, त्याला लय सालं झाली. ह्यांनी गड्यासंगं मला भोकरदनच्या स्टँडावर पाठवलं. गडी म्हणला, मी जातो, गाडी लागली की बसा. एक मानूस म्हणला, ह्या गाडीत बसा. बसले. उतरले तर सिल्लोड. उलट्या दिशेला. कोणाला इचारावं, कसं इचारावं, कळंना. दुसऱ्या दिवशी पोचले तवर बापाला नेल्तं. तोंड दिसलं न्हाई. भाऊ म्हणला, पाटलीणबाईला आता टाइम भेटला. घरी आले तर हे म्हणले, येवढा उशीर कामून केला? म्या काय सांगू? मला पाटी वाचता येत न्हाई, हे कोन्या तोंडानं सांगू? कोनालाच सांगितलं न्हाई."

गोजरकाकूंनी वळून समोरच्या ओसरीकडे पाहिलं आणि पुढे सांगू लागल्या.

"ह्या चैताला मायचं दुखणं आलं. परत भोकरदनचा स्टँड. परत एक मानूस म्हणला, ह्या गाडीत बसा. म्या वर पाह्यलं. सि... ल्लो... ड. म्हणलं, न्हाई बाबा. ही न्हाई. मंग दुसऱ्या गाडीपाशी गेले, वाचलं, जाफराबाद. बसले. मायच्या हातात हात दिला. ती चार दिवस बोलली माझ्याशी. मंग गेली." एवढं बोलून त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. "म्या येवढं शिकले. मला एक जून देता का?"

गुरुजींनी होकाराची मान हलवली आणि खाली ठेवलेलं निरांजनाचं ताट उचलून आमच्या हातात दिलं. मग आम्ही बायांनी गोजरकाकूंना मध्ये बसवलं आणि ओवाळलं.

ओसरीवर काकासाहेब एकटे उरले होते. बाकीची माणसं केव्हा उठून इकडे आली, ते कळलंही नाही. काकासाहेब थोड्या वेळानं आत गेले. दार मात्र त्यांनी उघडं ठेवलं. गोजरकाकू परत जाईपर्यंत ते उघडंच होतं.

गुरुजींची बदली झाली नाही. पुढे एकदा नेहमीच्या फेऱ्यात बदलीचा आदेश आला, तेव्हा तो रद्द करून आणायला जालन्याला जिल्हा परिषदेत कोण गेलं असेल? हे आपले अध्यक्ष! तिथल्या साहेबांना म्हणाले म्हणे, "आमचा मास्तर न्यायचा आसंल तर साळा उचलून न्या, बिलकुल जागा मोकळी करून देतो."

आणि ब्याण्णवच्या एक जूनला काकासाहेब आले. सगळ्यांत आधी येऊन बसले. त्यांची पाळी आली तेव्हा उठले, फेटा सारखा केला. गाव कान टवकारून बसलेलं. ते म्हणाले, "आमच्या मंडळी आता एकल्या म्हायेराला जातात. त्या यायच्या दिवशी म्या पिंपळगावच्या थांब्यावर जाऊन बसतो. गाडी कधी जल्दी येते, कधी येतच न्हाई. सारा जलम त्यांनी माझी वाट पाह्यली, मला वाटायचं त्यात काय आवघड हाये. औंदा म्या वाट पाह्यला शिकलो. लय आवघड हाये."

मंडळी, मी पुस्तकं पुष्कळ वाचली, भाषणंही ऐकली. पण एका मोठ्या माणसानं आपल्या गावासमोर, आपल्या बायकोसमोर असं बोलावं, याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही. काकासाहेब, आपल्याबद्दल आम्हाला भीती वाटायची. त्या दिवसापासून आदर वाटतो.

आता कोणी म्हणेल, बाई, सत्कार गुरुजींचा आणि तुम्ही गोष्ट सांगितली दुसऱ्यांचीच. पण गुरुजींचं मोठेपण सांगायचं तरी कसं? त्यांनी धरण बांधलं नाही, निवडणूक लढवली नाही. त्यांना आदर्श शिक्षक पुरस्कारही मिळालेला नाही, कारण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि गुरुजी म्हणाले, स्वतःची शिफारस स्वतः कशी करू? त्यांनी केलं ते एवढंच. ज्याच्याजवळ काही नव्हतं, त्याला एक दिवस दिला आणि सांगितलं, या दिवशी तू महत्त्वाचा आहेस. आज आजूबाजूच्या वाड्यांतही एक जून होतो. कोणी पुरणपोळी करतं, कोणी नारळ फोडतं. उद्याही होईल.

आता शेवटची एक बातमी. ही पत्रिकेत नाही. सोनूकाकू, तुम्ही डोळे वटारू नका, मी सांगणार.

ठरलं असं होतं, की आज समारंभ झाला की गुरुजी आणि काकू नवीन जालन्याला इंद्रभानकडे राहायला जाणार. इंद्रभान तिथे एका बियाण्यांच्या कंपनीत आहे, चांगलं घर बांधलं आहे. तो आज सकाळी टेम्पो घेऊन आला. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. पोरांनी कपाट चढवलं, पेट्या चढवल्या. गुरुजी वळकटी घेऊन दारात उभे. आणि सोनूकाकू उंबऱ्यावर बसल्या त्या उठेचनात.

इंद्रभान म्हणाला, "आई, चल ना. तिकडं नळाला रोज पाणी हाये."

काकू म्हणाल्या, "हाये ना? मंग तुमाला पुरंल."

"आई, आसं काय करती? सगळं ठरलंय."

"कोणी ठरवलं? तू आन तुझ्या वडलांनी. मला इचारलं का?" मग त्या गुरुजींकडे वळल्या. "लग्न झाल्यापून तुमची जिथं बदली, तिथं माझं बिऱ्हाड. सात गावचं पाणी प्याले, एका शब्दानं बोलले न्हाई. हितं मला मानसं भेटली. साखराबाई हाये, गोजरबाई हाये. आता ह्या म्हातारपनी माझी बदली कामून करता?"

गुरुजींनी वळकटी खाली ठेवली. माणूस इतका गोंधळलेला मी पाहिला नव्हता. म्हणाले, "अगं, पण संध्याकाळी निरोप समारंभ आहे. एवढी माणसं येतील. मी त्यांना सांगू काय?"

काकू म्हणाल्या, "सांगा, गुरुजी रिटायर झाले. सोनूबाई न्हाई झाल्या."

इंद्रभान आधी चिडला, मग हसला, मग आईशेजारी उंबऱ्यावर बसला. गुरुजी मात्र आत गेले आणि भिंतीवर घड्याळाचा खिळा राहिला होता, त्याला परत घड्याळ अडकवलं. मी समजले.

तेव्हा मंडळी, हार घाला, श्रीफळ द्या, टाळ्या वाजवा. डोळे पुसायचं मात्र कारण नाही. पत्रिकेत निरोप छापला आहे तो छापखान्याला आधी दिला म्हणून. गुरुजी कुठेही जात नाहीत.

टाळ्या पुरे आता. अण्णासाहेबांना अंधाराच्या आत भोकरदन गाठायचं आहे. मला इतका वेळ बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सगळ्यांचे मनापासून आभार. कोणाच्या घरातली गोष्ट चारचौघांत बोलले, कोणाचं नाव राहिलं, कोणाला मान आधी द्यायचा तो नंतर दिला, तर या बाईला पदरात घ्या. आणि कचरू, रामकिसन, कार्यक्रम संपला की चार जणांना घेऊन जरा गुरुजींच्या दारी या. कपाट अजून टेम्पोतच आहे. ते उतरवायचं आहे. त्याला आरसा आहे, जपून.

नमस्कार.